घानाचा इतिहास ढोलात, कापडात आणि सणात कसा जपला जातो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पश्चिम आफ्रिकेतल्या घानामध्ये इतिहासाची कागदपत्रं आहेत, पण तिथले लोक त्यांच्यावर विसंबून राहिले नाहीत. राजांची नावं ढोलावर वाजवली जातात, लढाईची आठवण कापडाच्या नक्षीला चिकटते, स्थलांतराची वाट नाचात चालून दाखवली जाते. याबद्दल मराठी वाचकांना हमखास पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

घाना म्हणजे एकच समाज आहे का?

नाही. घाना ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झाला. तोपर्यंत ब्रिटिशांच्या दप्तरी तो ‘गोल्ड कोस्ट’ होता. नवं नाव मध्ययुगातल्या एका बलाढ्य साम्राज्यावरून घेतलं. ते साम्राज्य आजच्या घानापासून बरंच दूर, वायव्येला मॉरिटानिया आणि मालीच्या भागात होतं. देशाच्या सीमेत असांते, फांते, आकुआपेम असे अकान गट, राजधानी आक्राच्या परिसरातले गा, आग्नेयेकडचे एवे, उत्तरेतले दागोम्बा आणि बुल्सा, शिवाय आणखी कितीतरी लोक आले. प्रत्येकाचा इतिहास वेगळा, तो सांभाळणारे वेगळे. एकाचा विजयोत्सव हा कधी कधी शेजाऱ्याचा पराभव असतो. आक्रोपोंग गावच्या ओदविरा सणात १८२६ मध्ये कटामान्सोच्या लढाईत असांते सैन्य हरल्याची आठवण आहे, आणि ओदविरा हा सण तर खुद्द असांतेंच्या राजधानीतही साजरा होत असे.

हे सगळे एका देशाचे नागरिक आहेत हे दाखवण्याची गरज स्वातंत्र्याच्या रात्रीच भासली होती. मध्यरात्री देशाचे पहिले पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा भाषणाला उभे राहिले ते बाटाकारी घालून. हा उत्तरेतला जाड, हातमागाचा, सैल अंगरखा. एन्क्रुमा स्वतः नैर्ऋत्य टोकाच्या न्झेमा समाजातले होते. उत्तरेतल्या माणसाला जे सांगायचं ते त्यांनी तोंड उघडण्याआधी कपड्यातून सांगितलं.

लिहिलेल्या नोंदी नव्हत्या, मग या आठवणींवर विश्वास कसा ठेवायचा?

लेखन अजिबात नव्हतं असं नाही. उत्तरेत आणि असांतेंची राजधानी कुमासी इथल्या दरबारातही अरबी जाणणारे मुसलमान विद्वान होते. १४८२ मध्ये पोर्तुगीजांनी एल्मिनाचा किल्ला बांधायला घेतला तेव्हापासून किनाऱ्यावर युरोपीय व्यापाऱ्यांची दप्तरंही भरत गेली.

पण तोंडी परंपरा म्हणजे ज्याला जे आठवेल ते, असा प्रकार इथे नाही. राजांची आसनं सांभाळणारा, ढोल वाजवणारा, राजाच्या वतीने बोलणारा ओच्यामे, ही सगळी जबाबदारीची पदं आहेत. १९२० च्या दशकात असांते प्रदेशात काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट सदरलँड रॅट्रे यांनी नोंदवलं आहे, की पूर्वजांची नावं वाजवताना चुकणाऱ्या ढोलवादकाला मेंढीचा दंड होई. शिवाय एकच घटना एकाच ठिकाणी ठेवलेली नसते. राजाचं नाव ढोलात असतं, त्याचं आसन आसनघरात असतं, त्याने जिंकलेली लढाई एखाद्या पदवीत किंवा दागिन्यात असते. त्यामुळे एका ठिकाणची गफलत दुसऱ्या ठिकाणी पकडता येते.

तरीही ही नोंद ठेवणाऱ्यांना त्यात स्वतःचा स्वार्थ असतोच. गादीवर कोणाचा हक्क, जमीन कोणाची, आधी कोण आलं, हे सगळं त्यावर ठरतं. म्हणून ती आदराने ऐकावी आणि सावधपणे तपासावी, असं माझं मत आहे. आपण बखर वाचताना हेच करतो.

ढोल बोलतो म्हणजे नेमकं काय होतं?

अकान लोकांच्या त्वी भाषेत स्वराची उंची बदलली की शब्दाचा अर्थ बदलतो. अटुम्पान ही ढोलांची जोडी असते, एक उंच स्वराचा आणि एक खालच्या. ढोलवादक, म्हणजे ओच्येरेमा, दोन वाकड्या काठ्यांनी बोलण्यातले चढउतार आणि लय वाजवतो. अडचण अशी, की सारख्याच चढउताराचे अनेक शब्द असू शकतात. त्यावर जुन्या वादकांनी काढलेली वाट मला फार हुशारीची वाटते: एकटा शब्द वाजवायचाच नाही. राजाचं नाव घ्यायचं तर त्याची बिरुदं, त्याचं गाव, त्याने हरवलेले शत्रू, असं अख्खं ठरलेलं वाक्य वाजवायचं. अर्थ स्पष्ट व्हावा या गरजेपोटी ढोलाच्या बोलांत असा इतिहास साठत गेला.

पूर्वजांच्या स्मरणाच्या अडाए सणाच्या पहाटे राजवाड्यात ढोलवादक आधी सृष्टीला, मग ज्या झाडापासून ढोल झाला त्या झाडाला, आणि मग दिवंगत राजांना हाक मारतो. ही ढोलकाव्यं गोळा करून त्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करण्यात संगीतशास्त्रज्ञ जे. एच. क्वाबेना एन्केतिया (१९२१–२०१९) यांचं आयुष्य गेलं. लेगोनच्या घाना विद्यापीठात आज हा विषय शिकवला जातो, त्यामागे त्यांचं मोठं काम आहे.

असांतेंच्या सुवर्णासनाचं एवढं महत्त्व का?

कारण त्यांच्या दृष्टीने राष्ट्राचा प्राण त्या आसनात आहे. त्यावर कोणी बसत नाही, राजाही नाही. समारंभात ते स्वतःच्या वेगळ्या बैठकीवर ठेवलं जातं.

कथा अशी, की सतराव्या शतकाच्या अखेरीस ओसेई टुटू कुमासीभोवतीची राज्यं एकत्र आणत होते. त्यांचे पुरोहित आणि सल्लागार ओकोम्फो अनोच्ये यांनी आकाशातून सोन्याचं आसन उतरवलं आणि ते अलगद ओसेई टुटू यांच्या मांडीवर येऊन थांबलं. तो शुक्रवार होता, म्हणून आसनाला शुक्रवारी जन्मलेल्या मुलाचं नाव मिळालं, कोफी. सिका द्वा कोफी, असं त्याचं पूर्ण नाव. १७०१ मध्ये फेयियासेच्या लढाईत असांतेंनी देन्चिरा राज्याचं जोखड फेकून दिलं आणि नवं राज्य उभं राहिलं.

त्याला पुढे दोनशे वर्षं होत असताना, २८ मार्च १९०० रोजी, ब्रिटिश गव्हर्नर फ्रेडरिक हॉजसन यांनी कुमासीत जमलेल्या सरदारांकडे हेच आसन मागितलं. राणीचे प्रतिनिधी म्हणून आपल्याला त्यावर बसायला का दिलं नाही, असा त्यांचा सवाल होता. असांतेंचा राजा प्रेम्पेह पहिला याला ब्रिटिशांनी १८९६ मध्येच पकडून नेलं होतं. अशा वेळी एजिसूची राजमाता उभी राहिली, तिचं नाव ‘या असांतेवा’, आणि तिच्या नेतृत्वाखाली लढाई पेटली. कुमासीचा ब्रिटिश किल्ला वेढला गेला. शेवटी ब्रिटिशांनी बंड मोडलं, या असांतेवाला सेशेल्स बेटांवर हद्दपार केलं आणि १९२१ मध्ये तिथेच तिचा मृत्यू झाला. पण आसन त्यांच्या हाती लागलं नाही. ते पुरून ठेवलं होतं. १९२० च्या सुमारास रस्त्याच्या कामावरच्या मजुरांना ते सापडलं, त्यावरचे काही दागिने चोरीला गेले, मोठा संताप उसळला, आणि आपण आसनाला हात लावणार नाही असं सरकारला सांगावं लागलं. प्रेम्पेह १९२४ मध्ये परतले. १९३५ मध्ये असांते राज्यसंघाला पुन्हा मान्यता मिळाली.

ही हकिगत शाळेतल्या पुस्तकात आहेच. पण आसन जेव्हा लोकांसमोर आणलं जातं तेव्हा असांते संघातल्या एजिसूच्या, मांपोंगच्या, बेक्वाईच्या माणसांना आपलं नातं कोणत्या गोष्टीशी आहे हे डोळ्यांनी दिसतं. ते काम पुस्तकाकडून होत नाही.

अडाए सण दर सहा आठवड्यांनी का येतो?

अकान कालगणनेत सहा दिवसांचा जुना आठवडा आणि सात दिवसांचा आठवडा एकत्र चालतात. दोन्ही चक्रं ४२ दिवसांनी पुन्हा जुळतात. त्या चक्रात रविवारी येतो तो आक्वासिडाए आणि बुधवारी येतो तो आवुकुडाए.

सणाचा गाभा बंद खोलीत असतो. चांगला कारभार करून मानाने गेलेल्या राजाचं आसन काजळी वगैरे माखून काळं केलं जातं आणि आसनघरात ठेवलं जातं. अडाएच्या दिवशी तिथे अन्न आणि पेय अर्पण होतं, पूर्वजांची नावं घेतली जातात. पदच्युत झालेल्याचं आसन तिथे पोहोचत नाही. बाहेर मात्र छत्र्या, सोन्याने मढवलेल्या तलवारी, शिंगं, फोंटोमफ्रोमचे प्रचंड ढोल आणि रांगेने मुजऱ्याला येणारे सरदार असा दिमाख असतो. कोण कुठे बसतं आणि कोणाच्या डोक्यावर कोणती छत्री असते, यावरून जुन्या युद्धांतली बाजू आणि पराक्रम जाणकाराला कळतो. ओच्यामेच्या काठीच्या टोकावरची शिल्पंही पाहण्यासारखी असतात. अंडं धरलेली मूठ हे त्यातलं प्रसिद्ध शिल्प: सत्ता घट्ट आवळली तर फुटते, सैल सोडली तर पडते.

मग नकोशा गोष्टी विसरल्या जात असतील का?

हो, आणि काही तर ठरवून. असांतेंचा एक जुना कायदा ओसेई टुटू आणि अनोच्ये यांच्या नावावर सांगितला जातो: कोणी दुसऱ्याचं मूळ उघड करायचं नाही. राज्यसंघात जिंकलेले लोक होते, आश्रयाला आलेले होते, विकत घेतलेले गुलाम होते. एकदा आत घेतलं की कोण कुठून आलं हे चारचौघांत बोलण्याला बंदी. सामील झालेल्या राज्यांची जुनी राजचिन्हं अनोच्ये यांनी पुरायला लावली, अशीही परंपरा आहे. वेगवेगळ्या लोकांचं एक राष्ट्र झालं ते असं. त्याची किंमतही होती, ती पुढे गुलामगिरीच्या प्रश्नात दिसेल.

केंटे कापडात इतिहास कसा वाचायचा?

केंटे सुमारे दहा सेंटिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्यांत विणतात आणि पट्ट्या शेजारी शेजारी शिवून पूर्ण वस्त्र करतात. असांतेंमध्ये बोनविरे हे त्याचं प्रसिद्ध गाव. एवे विणकरांची आग्बोझुमे आणि आगोतिमे-क्पेतोए ही केंद्रं आहेत. त्यांच्या कापडात माणसं, प्राणी, वस्तू असे आकारही येतात. बोनविरेची दंतकथा सांगते की दोघा जणांनी कोळी किड्याचं जाळं पाहून विणकाम शिकून घेतलं. कागदावरची नोंद वेगळंच काही सांगते: अठराव्या शतकातल्या डॅनिश व्यापाऱ्यांच्या वृत्तांतानुसार राजा ओपोकू वारे युरोपातून आलेलं रेशमी कापड विकत घेऊन उसवायला लावत असे आणि ते धागे स्थानिक विणकरांना देत असे. मला ही दुसरी हकिगत जास्त मोलाची वाटते. सोन्याच्या आणि गुलामांच्या व्यापारातून आलेला माल सुटा करून आपल्या मागावर पुन्हा उभा केला, हे त्यात दिसतं.

प्रत्येक नक्षीला नाव असतं: राजघराण्याचं, म्हणीचं, घटनेचं. एन्क्रुमा यांनी १९५७ च्या अखेरीस इजिप्तच्या फाथिया यांच्याशी लग्न केलं तेव्हा एका नक्षीला ‘फाथिया फाता एन्क्रुमा’ म्हणू लागले, म्हणजे फाथिया एन्क्रुमांना शोभते. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी लष्कराने एन्क्रुमांना सत्तेवरून दूर केलं आणि त्याच नक्षीचं नाव झालं ‘ओबाआकोफो म्मू मान’, एकटा माणूस राष्ट्र चालवत नाही. धागा तोच, रंग तेच. या दोन नावांमध्ये घानाच्या पहिल्या नऊ वर्षांचं राजकारण सामावलं आहे, आणि ते कोणा इतिहासकाराने नव्हे तर विणणाऱ्यांनी आणि नेसणाऱ्यांनी लिहिलं.

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने केंटे विणकामाचा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

आणि आदिंक्राचे ठसे?

आदिंक्रा म्हणजे ठसे उमटवून सजवलेलं कापड. त्यासाठी लागतात भोपळ्याच्या कवचातून कोरलेले ठसे, आणि झाडाच्या सालीचा उकळून घट्ट केलेला काळा रंग. एन्तोन्सो हे त्याचं गाव. गडद तांबड्या किंवा काळ्या कापडावर ठसे असले तर ते दुखवट्याचं वस्त्र, पांढऱ्यावर असले तर आनंदाचं.

याच्या उगमाची सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट अशी: ग्यामान राज्याचा राजा कोफी आदिंक्रा याने सुवर्णासनाची नक्कल करून घेतली, असांतेंनी १८१८ च्या सुमारास त्याच्यावर स्वारी केली, तो मारला गेला आणि त्याच्या अंगावरच्या कापडाची कला कुमासीत आली. मात्र ब्रिटिश म्युझियममध्ये असलेलं एक आदिंक्रा वस्त्र ब्रिटिश दूत टॉमस बाउडिच यांनी १८१७ मध्ये कुमासीतच मिळवलेलं आहे. म्हणजे ही कला त्या युद्धाच्या आधीपासून तिथे होती. तरी गोष्ट फेकून देऊ नये. ग्यामानवरच्या विजयाचं असांतेंना किती महत्त्व होतं, आणि एखाद्या देखण्या वस्तूला विजयाशी जोडावंसं का वाटलं, हे ती खरंच सांगते.

किनाऱ्यावरच्या फांते लोकांचे झेंडे काय आहेत?

फांते गावांत असाफो नावाच्या जुन्या लढाऊ पलटणी असतात. प्रत्येक पलटणीला क्रमांक, रंग आणि कापडाचे तुकडे शिवून केलेले झेंडे असतात. त्यावर मगर, जहाज, आगगाडी, विमान काहीही दिसतं आणि बहुतेक चित्रांमागे शेजारच्या पलटणीला डिवचणारी म्हण असते. यावरून मारामाऱ्या होत, म्हणून इंग्रज सरकार झेंड्यांवर लक्ष ठेवी. कोपऱ्यात ब्रिटिश युनियन जॅक असला तर झेंडा साधारणपणे १९५७ पूर्वीचा, घानाचा तिरंगा असला तर नंतरचा. म्हणजे काळ ओळखण्याची खूण झेंड्यातच शिवलेली असते.

कोणते सण जुन्या घटना प्रत्यक्ष करून दाखवतात?

माझ्या मते सगळ्यांत बोलका सण आन्लो एवे लोकांचा होग्बेत्सोत्सो. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आन्लोगा गावी तो होतो. त्यांचे पूर्वज आजच्या टोगोमधल्या नोत्से या तटबंदीच्या गावात राहत होते. राजा आगोकोली जुलमी होता. बायकांनी रोज सांडपाणी भिंतीच्या एकाच जागी ओतून ती भिजवली, मऊ झालेली भिंत एका रात्री ढोलांच्या गजरात फोडली आणि सगळे निसटले. जाताना उलट्या पावलांनी चालले, म्हणजे माग काढणाऱ्यांना वाटावं की लोक आत शिरले आहेत. सणातल्या नाचात ही उलटी पावलं आजही टाकली जातात. सणाआधी आपसातली भांडणं मिटवण्याचा विधी असतो आणि गाव झाडून स्वच्छ करतात. नोत्सेची जुनी भिंत, आग्बोग्बो, काही कथेपुरती नाही. तिचे अवशेष टोगोत आहेत.

आक्राचे गा लोक होमोवो साजरा करतात तो दुष्काळाच्या आठवणीचा. स्थलांतरात उपासमार झाली, मग मका पिकला आणि लोक भुकेची टर उडवत जेवले. मक्याचं क्पोक्पोई पामच्या फळांच्या रश्शासोबत खातात, आणि मुखिया ते रस्त्यावर शिंपडत फिरतो, पूर्वजांचा वाटा म्हणून. त्याआधी पेरणीच्या काळात जवळजवळ महिनाभर ढोल आणि मोठा आवाज बंद असतो.

विन्नेबाच्या एफुतू लोकांचा आबोआचिर मे महिन्यात असतो. दोन पलटणी जंगलात धावतात आणि हरीण हातांनी जिवंत पकडण्याची शर्यत लावतात. परंपरेनुसार देवाला पूर्वी माणसाचा बळी लागे, मग बिबट्याचा, आणि अखेर हरणावर आलं.

होग्बेत्सोत्सो तर १९६२ मध्ये सुरू झाला म्हणतात. मग तो पारंपरिक कसा?

सण आजच्या रूपात १९६२ चा आहे हे खरं. स्थलांतराची कथा, नाच आणि समेटाचे विधी त्याहून पुष्कळ जुने. त्या वर्षांत काय चाललं होतं ते पाहिलं की उलगडा होतो. एवे लोक ब्रिटिश आणि फ्रेंच अमलात विभागले गेले होते. ब्रिटिश टोगोलँडचा भाग १९५६ च्या सार्वमतानंतर गोल्ड कोस्टला जोडला गेला, फ्रेंच भागाचा टोगो हा देश झाला. नोत्से सीमेपलीकडे राहिलं. अशा वेळी आपण सगळे त्या एकाच भिंतीतून बाहेर पडलो, हे दरवर्षी मोठ्याने सांगणारा सण हवा होता. लोकांनी जुन्या सामग्रीतून तो बांधला. सण नवा आहे म्हणून आठवण खोटी ठरत नाही.

उत्तर घानात इतिहास कोण सांभाळतं?

दागोम्बांच्या दागबोन राज्यात लुन्सी नावाचे वंशपरंपरागत ढोलवादक असतात. काखेत धरून दोऱ्या दाबल्या की स्वर बदलणारा, मध्ये निमुळता असलेला लुंगा हे त्यांचं वाद्य. त्यांचा मूळपुरुष बिझुंग हा राजा न्यागसे याचा मुलगा मानला जातो, म्हणजे वादक राजघराण्याचेच भाऊबंद. मोठ्या सणाच्या रात्री राजवाड्याच्या अंगणात ‘सांबान लुंगा’ होतो. मुख्य वादक रात्रभर एखाद्या राजाची हकिगत गातो, इतर ढोलांची साथ देतात, आणि श्रोत्यांत त्याच राजाचे वंशज बसलेले असतात. मुलं लहानपणापासून घरात शिकतात, आणि काही प्राचीन प्रसंग बळी दिल्याशिवाय उच्चारत नाहीत.

आपल्या शाहिरांची आठवण यावी असंच हे आहे, पण एक मोठा फरक आहे. लुन्सी तुमचं कूळ ढोलावर सांगतात तेव्हा तुमचा दर्जा आणि हक्क जाहीर होतो. दागबोनची राजधानी येंडी इथल्या गादीवरून आंदानी आणि आबुदू या दोन शाखांमध्ये दीर्घकाळ वाद होता. २००२ मध्ये या-ना (दागबोनचे राजे) याकुबू आंदानी दुसरे यांची हत्या झाली, आणि असांतेहेने, म्हणजे असांतेंचे राजे, यांच्या अध्यक्षतेखालच्या सरदारांच्या समितीने मध्यस्थी केल्यावर २०१९ मध्ये नवे या-ना गादीवर आले. अशा ठिकाणी वंशावळ सांगणाऱ्याच्या शब्दाला किती वजन असेल, ते लक्षात यावं.

गुलामांच्या व्यापाराबद्दल या परंपरा काय सांगतात?

जिथे लोक पकडले गेले तिथे त्या मोकळेपणाने सांगतात. सांदेमा गावचे बुल्सा लोक डिसेंबरमध्ये फेओक सण करतात. गुलाम पकडणाऱ्या बाबातूच्या टोळ्यांना त्यांच्या पूर्वजांनी हरवलं होतं. शिंगांचे शिरस्त्राण, धनुष्यबाण आणि कातडी अंगावर घेऊन गावोगावचे गट युद्धनृत्य करतात. पागाजवळ पिक्वोरो इथे गुलामांचा तळ होता, त्या खडकांवर दगडांनी ताल धरून गाणी गातात.

जी राज्यं या व्यापारात विकणारी होती तिथे मात्र शांतता आहे. गुलामांचे वंशज मालकाच्या कुळात मिसळले, आणि मूळ उघड न करण्याच्या कायद्याने त्यांना अपमानापासून वाचवलं तसं त्यांच्या आठवणीही मिटवल्या. ही पोकळी भरायला नवे सोहळे आले. नाटककार एफुआ सदरलँड यांनी मांडलेल्या कल्पनेतून १९९२ मध्ये केप कोस्ट आणि एल्मिना इथे पानाफेस्ट हा महोत्सव सुरू झाला. १९९८ पासून १ ऑगस्टला मुक्तिदिन पाळतात. त्याच वर्षी अमेरिका आणि जमैकातून दोन गुलामांचे अवशेष आणून आसिन मान्सो इथे, जिथे किनाऱ्याकडे नेण्याआधी बंदिवानांना नदीत शेवटची आंघोळ घालत, पुन्हा दफन केले. हे सोहळे परदेशी पाहुण्यांसाठी आहेत अशी टीका घानातच होते. ती काही अंशी पटते, पण पर्यायी शांतता मला त्याहून वाईट वाटते.

लुटून नेलेल्या राजचिन्हांचं काय झालं?

फेब्रुवारी १८७४ मध्ये ब्रिटिश सेनापती गार्नेट वूल्झली यांच्या सैन्याने कुमासीचा राजवाडा लुटला आणि शहर जाळलं. शिवाय असांतेंवर ५०,००० औंस सोन्याची खंडणी लादली. १८९६ आणि १९०० च्या मोहिमांत आणखी वस्तू गेल्या.

२०२४ मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनी, काही परत आल्या. अमेरिकेतल्या फाउलर म्युझियमने फेब्रुवारीत सात वस्तू कायमच्या परत दिल्या. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने १७ आणि ब्रिटिश म्युझियमने १५ अशा ३२ वस्तू मात्र तीन वर्षांच्या उसनवारीवर पाठवल्या, कारण राष्ट्रीय संग्रहातल्या वस्तू देऊन टाकायला ब्रिटिश कायदा आडवा येतो. मान्हिया राजवाड्याच्या संग्रहालयात त्या मांडल्या गेल्या. करार घाना सरकारशी नाही, असांतेहेने ओसेई टुटू दुसरे यांच्याशी झाला. लुटलेली वस्तू मूळ मालकाला उसनी द्यायची, हे मला मान्य होत नाही. तरी वस्तू कुमासीत असण्याला अर्थ आहे: तलवार काचेमागे असली तरी तिचं नाव ठाऊक असलेली माणसं तिथे आहेत.

ख्रिस्ती आणि मुसलमान बहुसंख्य असताना हे सण कसे टिकले?

वाटाघाटी करत. दागबोनचा दाम्बा पैगंबरांच्या जन्माशी जोडलेला आहे आणि त्याच वेळी राजदरबाराचा सोहळाही आहे. दक्षिणेत पुष्कळ सरदार रविवारी चर्चला जातात आणि पूर्वजांना मद्यही ओततात. घर्षणही होतं. होमोवोआधीच्या मौनकाळात ढोल वाजवणाऱ्या चर्चमंडळींशी १९९० च्या दशकाच्या अखेरीस आक्रात मारामाऱ्या झाल्या. नंतर दरवर्षी सरकारी यंत्रणा, गा नेते आणि धर्मसंस्था मिळून आवाजाचे नियम ठरवू लागल्या.

छापील ‘केंटे’ विकत घेणं चूक आहे का?

यंत्रावर छापलेलं स्वस्त कापड घानातही लोक वापरतात, त्यामुळे चूक म्हणणार नाही. पण त्यातून विणकराला काही मिळत नाही. घानाच्या २००५ च्या कॉपीराइट कायद्यात केंटे आणि आदिंक्राच्या नक्ष्यांना लोकपरंपरा म्हणून संरक्षण आहे. देशाबाहेर त्याचा फारसा उपयोग होत नाही. विणलेलं ओळखायला कापड उलटून पाहा. पट्ट्यांची शिवण दिसली पाहिजे.

भारताशी काही संबंध?

आहे. सतराव्या-अठराव्या शतकात गुजरात आणि कोरोमंडलचं सुती कापड युरोपीय जहाजांतून या किनाऱ्यावर जाई. दुसऱ्या महायुद्धात गोल्ड कोस्टचे सैनिक भारतमार्गे ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले. आक्रातल्या सैन्यतळाचं नाव आजही बर्मा कॅम्प आहे. आणि मराठी वाचकांना आवडेल असं: घानायी असलेल्या स्वामी घनानंद सरस्वती (१९३७–२०१६) यांच्या आक्रातल्या मठाशी जोडलेले स्थानिक हिंदू गणेशोत्सव करतात आणि मूर्तीचं अटलांटिक समुद्रात विसर्जन करतात.

प्रत्यक्ष जायचं असेल तर?

कुमासीला आक्वासिडाएचा रविवार गाठा. तारखा वर्षाच्या सुरुवातीला जाहीर होतात आणि मान्हियाच्या अंगणात पाहुण्यांना प्रवेश असतो. बोनविरे आणि एन्तोन्सो तिथून जवळ आहेत, एका दिवसात होतात. आन्लोगासाठी नोव्हेंबर, सांदेमासाठी डिसेंबर.

देताना, घेताना आणि नमस्काराला उजवा हातच वापरा. सरदारासमोर पायावर पाय टाकून बसू नका, टोपी काढा, आणि त्याच्याशी थेट न बोलता ओच्यामेमार्फत बोला. भेटीला जाताना श्नॅप्स या कडक मद्याची बाटली नेण्याची पद्धत आहे. आसनघराजवळ फोटो नाही, इतरत्र विचारून. लाल किंवा काळे कपडे दुखवट्याचे समजले जातात, तेवढे सणाला टाळा.